माझ्या नावावरची एकशे आठ पुस्तकं

चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो लागला, तेव्हा मी घरात तूर निवडत होते. शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू तर लई मोठी झालीस. एस्टी थांब्यापाशी लटकायलीस!"

मी ओढणी डोक्यावर घेऊन गेले. खरंच होते मी. निळ्या काठाची साडी, मोत्याची माळ, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तो फोटो केजच्या स्टुडिओत काढलेला, माझ्या बायोडाटासाठी. पाहुण्यांना पाठवायचा म्हणून पप्पांच्या मोबाईलमध्ये होता. आता तो माझ्या उंचीपेक्षा मोठा होऊन रसवंतीच्या वर टांगला होता आणि खाली लिहिलं होतं: 'आपल्या गावची वाचनकन्या. वर्षभरात १०८ ग्रंथांचे वाचन. भव्य सत्कार समारंभ.' माझ्या फोटोच्या वर, माझ्यापेक्षा थोडा मोठा, हात जोडलेला फोटो वाचनालयाच्या अध्यक्षांचा. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात.

मी त्या वर्षी एकशे आठ पुस्तकं वाचली नव्हती. तेवीस वाचली होती, आणि चोविसावं अर्धं राहिलं होतं. तेही माझ्या इच्छेनं राहिलं नव्हतं. आठच दिवसांपूर्वी वाचनालयानं ते माझ्याकडून परत मागून घेतलं होतं.

हे आजही सांगताना माझे कान तापतात. तरी नीट सांगते.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. रोज व्हॅननं केजला जायचं आणि शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बोलायचं नाही. बोललं की तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं राहायचं. मी मुळातच कमी बोलायची, त्यामुळे मला फारसं उभं राहावं लागलं नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की अंबाजोगाईला कॉलेज करून घरी परतले तेव्हा मला मराठी पुस्तक वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागायचं. आई नववीपर्यंत शिकलेली. ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागचा मजकूर माझ्यापेक्षा भरभर वाचायची, आणि मला त्याची लाज वाटायची.

म्हणून जानेवारीत मी ठरवलं की वर्षात बावन्न पुस्तकं वाचायची. मोबाईलवर एक ॲप घेतलं. त्यात आकडा टाकायचा, मग ते रोज सांगायचं, तू दोन पुस्तकं मागे आहेस, तू तीन पुस्तकं मागे आहेस. मी गावच्या वाचनालयात नाव घातलं. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, सकाळी पेपर वाचायला येणारे चार-पाच म्हातारे आणि ग्रंथपाल काका. काका मला बाळा म्हणायचे आणि हवं ते कपाट उघडून द्यायचे. पुस्तक घेताना रजिस्टरमध्ये सही करायची. मी इंग्रजीत करायची, कारण मला तेवढी एकच सही येते.

पहिले दोन महिने मी पुस्तकांची जाडी बघून पुस्तकं उचलली. पातळ असेल ते बरं. लहान मुलांच्या गोष्टींची चार पुस्तकं धरून फेब्रुवारीअखेर नऊ झाली. ॲपमध्ये फटाके उडाले. त्याच दुपारी आई शेजारी तांदूळ पाखडत बसली होती. तिनं विचारलं, "काय वाचायलीस गं?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"नाव दिसतंय मला. हाय काय त्याच्यात?"

मला सांगता आलं नाही. दहा मिनिटांपूर्वी संपवलेलं पुस्तक, आणि मला त्यातल्या माणसांची नावंसुद्धा आठवेनात.  आईनं सुपातला खडा बोटानं टिपून बाजूला टाकला. मला कुणी थप्पड मारली असती तर तेवढं वाटलं नसतं.

मी ॲप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं आणि आईला म्हटलं, "मी मोठ्यानं वाचते, तू ऐक. कंटाळा आला की सांग." आईला कंटाळा आला तो एकोणिसाव्या पानावर. "ठेव ते," ती म्हणाली, "हा मानूस नुसता सवताचंच सांगायलाय." मला शाळेत शिकवलं होतं की घेतलेलं पुस्तक पुरं करायचं. तरी मी ते परत केलं आणि दुसरं आणलं. पुस्तक अर्धवट सोडायला परवानगी लागत नाही, ही गोष्ट मला बाविसाव्या वर्षी आईकडून कळली.

तिथून पुढं खरं वाचन सुरू झालं. दुपारी जेवणं झाली की आईच्या हातात काहीतरी काम असायचं, शेंगा फोडणं, कोथिंबीर निवडणं, आणि माझ्या हातात पुस्तक. मोठ्यानं वाचल्यामुळे माझं बोट सुटलं. अडले की आई शब्द पुढं सरकवायची. तिला जे ऐकायला नको असायचं ते मी संध्याकाळी गच्चीवर एकटी वाचायची. कधी एकाच वेळी दोन, एक तिच्यासोबतचं, एक माझं. आवडलेलं पान पुन्हा वाचायची. वेग कमी केला तर पुस्तकं लक्षात राहायला लागली, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. संपलेल्या पुस्तकाचं नाव मी शाळेच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. पहिली नऊ सोडून डिसेंबरात ती तेवीस झाली आणि त्यातल्या प्रत्येकाबद्दल मी आईशी एकदा तरी भांडले होते.

चोविसावं पुस्तक एक जुनी कादंबरी होती. वरचं मुखपृष्ठ फाटलं म्हणून काकांनी तिला खाकी पुठ्ठा चढवला होता. पाठीवर नाव नव्हतं, फक्त दाखल क्रमांक. गोष्ट एका बाईची. नवऱ्याची बदली झालेली असते, ती सामान घेऊन मागून एकटी निघते आणि चुकून एक स्टेशन आधीच उतरते. गाडी निघून जाते. पुढची गाडी उद्या. आणि मग ती बाई त्या स्टेशनावर बसून राहते, आणि हळूहळू आपल्याला वाटायला लागतं की ती उद्याच्या गाडीतही चढणार नाही. आईनं तुरीच्या शेंगा तशाच ठेवल्या. "मंग? चढली का न्हाई?" मी म्हटलं, उद्या. रोज थोडंच वाचायचं, असं आमचं ठरलं होतं.

त्या 'उद्या'च्या सकाळी काकांचा फोन आला. "बाळा, तुज्याकडलं पुस्तक जमा कर. तपासनी हाय. समदी पुस्तकं कपाटात दिसाया पायजेत."

"काका, अर्धं झालंय. चार दिवसांत आणते."

"न्हाई गं बाळा. साहेब कवा बी येतील. आबा मला इचारतेत."

मी दिलं. भांडायचं असतं हे मला तेव्हा सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. पानात खूण म्हणून एस्टीचं तिकीट होतं, तेही तसंच गेलं. दुपारी आईनं विचारलं, "आन पुस्तक." मी सांगितलं. तिनं शेंगांचं सूप पुढं ओढलं. मग म्हणाली, "तपासनी कशाची? कुनी वाचतंय का न्हाई ह्येची ना? मंग वाचनाऱ्याच्या हातातून कावून काढलं?"

 आठ दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला तेव्हा याचं उत्तर मिळालं.

फ्लेक्स बघून मी तशीच वाचनालयात गेले. दारावर संगणकावर टाइप केलेली यादी चिकटवली होती, 'वाचलेले ग्रंथ', एक ते एकशे आठ. शेजारच्या काकू माझ्यामागून आल्याच होत्या. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"शेळीपालन. कुक्कुटपालन. बोरवेलची निगा. अगं, शेळ्या घेनार हाव का काय तुमी?" मग त्या थांबल्या. "आन् ह्ये काय? गर्भवतीचा आहार? बाळाचं पहिलं वर्ष?" त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "बया! अजून कुकू लागलं न्हाई तुला."

पेपर वाचणारे म्हातारे हसले. मला वाटलं, तिथल्या तिथं यादी टराटरा फाडावी. मी फाडली नाही. मी तिथं उभी राहून यादी पहिल्यापासून वाचली, आणि माझ्या लक्षात आलं की मला ती ओळखीची वाटतेय. शेती, मग पशुपालन, मग घरगुती आरोग्य, मग बालसंगोपन. ही दुसऱ्या कपाटाची क्रमवारी होती. वरच्या फळीवरून डावीकडून उजवीकडे, मग खालची फळी. माझ्या नावानं कुणीतरी ते कपाट सरळ उतरवून काढलं होतं.

काका आत टेबलापाशी होते. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडंच होतं.

"काका, हे काय आहे?"

"बस की बाळा. पानी घे."

"मी ही पुस्तकं वाचलेली नाहीत."

"वाचशील की. वय काय तुजं!" ते हसले, पण माझ्याकडे बघून नाही. "अगं, वाचक दिसाया लागतेत. न्हाई तर वर्ग खाली येतो वाचनालयाचा, सरकारी अनुदान तुटतं. मंग ह्ये बी बंद, म्या बी बंद."

"पण माझंच नाव का?"

"दुसरं कोन येतंय हितं? ह्ये म्हातारे पेपरापुरते. ह्येंच्या बी नावानं टाकलीत थोडी. एक जन गेल्या साली वारला, त्याच्या नावानं कसं टाकावं?"

"आणि कपाटाच्या क्रमानं का टाकलीत?"

"तपासनी तोंडावर. हुडकीत कुठं बसू? जशी दिसली तशी लिवली. एकशे चार झालती. आबा म्हनले, चार कावून सोडताव? एकशे आठ करा, माळ पुरी व्हती."

आबा नारायणगडाच्या देवस्थानाचे भक्त आहेत. त्यांच्या गळ्यातली माळ मी लहानपणापासून बघतेय. तिचे मणी माझ्या नावावर मोजले गेले होते.

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. पानामागून पान माझं नाव. मागं 'कुमारी' लावलेलं. सहीच्या रकान्यात वळणदार मराठी सही, बोरूनं काढल्यासारखी. त्या सह्यांच्या मध्येच कुठं कुठं माझी वेडीवाकडी इंग्रजी सही, जिथं मी खरोखर पुस्तक नेलं होतं. आणि माझी स्टेशनावरची बाई? तीही होती. ऑगस्टमध्ये नेली, ऑगस्टमध्येच परत केली. मराठीत सही करून.

मला काकांचा राग आला का? आला. पण काकांनीच मला ती बाई दिली होती. "ह्ये ने, तुज्या आईला आवडंल," असं म्हणून. आई कधी वाचनालयात आली नव्हती, तरी तिला काय आवडेल हे त्यांना माहीत होतं. असा माणूस असं काम करतो आणि त्याला करावं लागतं, याचा राग मला जास्त आला. आणि त्या रागाचं काय करायचं ते मला कळेना.

"मला माझं पुस्तक द्या," मी म्हटलं. "तेवढंच द्या."

"कपाटं लावून ठिवलीत बाळा. तपासनी झाली की दुसऱ्या दिशी पयलं तुलाच."

घरी आईला सांगितलं. गर्भवतीच्या आहारावर ती आधी हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम गंभीर झाली. "फोटू कुनी दिला?"

पप्पा ताटावर होते. म्हणाले, "आबांनी मागितला. चांगल्या कामासाठी हाय. स्थळं बी बघतेत लोक."

"तिला इचारलं का?"

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांना खरंच कळत नव्हतं की यात विचारायचं काय होतं.

सत्कारालाच तपासणीचे साहेब येणार, असं ठरलं होतं. एका दगडात दोन कामं. वाचनालयाच्या बाहेर मांडव, साहेबांना सोफा, बायकांना सतरंजी. कपाटांच्या काचा पुसलेल्या, आत पुस्तकं कवायतीला उभी. मी कधीही तिथं इतकी माणसं पाहिली नव्हती. त्यातल्या एकालाही मी वर्षभरात कपाटापाशी पाहिलं नव्हतं.

आबा बोलले. आजची पिढी मोबाईलमध्ये गुंतली, पण ही लेक बघा. इंग्रजी शाळेतली असून मराठी वाचती. शाल आली, नारळ आला, फेटा आला. टाळ्या आल्या. साहेब मोबाईल बघत होते. मग काकांनी माईक माझ्यापुढं धरला. "दोन शब्द बोल बाळा."

मी आयुष्यात माईक धरला नव्हता. मी घरून दोन वाक्यं पाठ करून आणली होती. "मी एकशे आठ पुस्तकं वाचलेली नाहीत. मी तेवीस वाचली."

 काकांनी आबांकडे बघितलं. मग आबांनी पुढं झुकून माईक आपल्याकडे वळवला.

"बघा! ह्येला म्हनतेत संस्कार. येवडं वाचून बी पोरगी म्हनती म्या काय वाचलंच न्हाई!"

आणि टाळ्या. आधीपेक्षा मोठ्या. शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या.

मी खरं बोलले होते, तेही माईकवर, आणि त्यांनी त्याचा हार करून माझ्याच गळ्यात घातला. फेटा कपाळावर घसरला होता. नारळ काखेत. मी कितीही खरं बोलले असते तरी माझा विनयच वाढत गेला असता. आकड्यावर बोलण्यात काही अर्थ नव्हता. पण उघड्या दारातून दिसणारं कपाट माझ्यापासून चार हातांवर होतं, आणि खाकी पुठ्ठा मला काचेतून दिसत होता.

मी माईक परत माझ्याकडे ओढला. आबांच्या हातून. गावात असं कुणी करत नाही.

"माझं एक पुस्तक कपाटात आहे. अर्धं राहिलंय. ते मला पाहिजे."

हशा पिकला. आबाही हसले. "देऊ की. आधी साहेबांना चहा तर घेऊ दे."

"आत्ता पाहिजे."

आता कुणी हसलं नाही. आबांचा चेहरा हसरा होता, पण डोळे हसत नव्हते. तेवढ्यात सतरंजीवरून आई उभी राहिली. माझी आई चार माणसांत कधी बोललेली नाही. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "द्या की आबा. ती बाई तवापासून स्टेशनावर बसून हाय."

"कोन बाई?" आबा म्हणाले.

"कोण बाई?" साहेबांनी मोबाईलमधून मान वर काढली.

"पुस्तकातली," आई म्हणाली. "सामान घिऊन बसलीय. पुढची गाडी येऊन गेली का न्हाई, आमाला काय बी ठाव न्हाई."

साहेब आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, द्या ना त्यांना."

साहेबच म्हणाले म्हटल्यावर काय? काकांनी आत जाऊन कपाट उघडलं, त्यांच्यामागं मी. त्यांच्या हाताला चावी लवकर सापडेना. पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि रजिस्टर उघडलं. सवयीनं. पुस्तक बाहेर निघालं की नोंद व्हायलाच पाहिजे, हे त्यांच्या हाडात आहे. त्यांनी दाखल क्रमांक लिहिला, त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि पेन माझ्याकडे दिला. वरच्या ओळीत ती वळणदार मराठी सही होती. मी खाली माझी इंग्रजी सही केली, नेहमीसारखी वेडीवाकडी.

साहेबही आत येऊन शेजारीच उभे होते. "सही बदलली का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. "माझी हीच आहे."

त्यांनी त्या दोन्ही सह्या वाचल्या. मागचं पान उलटलं. आणखी एक उलटलं. काका भिंतीकडे बघत होते. मग साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "चहा थंड होतोय."

वाचनालयाचा वर्ग जागच्या जागी राहिला. काकाही राहिले, आणि मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. यादी दारावरून आपणहून गळून पडेपर्यंत तशीच होती. फ्लेक्स तर उन्हाळ्यापर्यंत होता. आधी माझा चेहरा उडाला, मग मोती, आणि आबांचे जोडलेले हात तेवढे शेवटपर्यंत राहिले. मी एस्टीसाठी थांब्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. पप्पांनी पुढच्या पाहुण्यांना फोटो पाठवायच्या आधी मला विचारलं. मी नाही म्हणाले.

त्या दुपारी आम्ही मांडवातून सरळ घरी आलो. आईनं नारळ कोपऱ्यात ठेवला आणि सूप घेऊन बसली. मी पुस्तक उघडलं आणि थांबले. कुणीतरी कपाट पुसताना पुस्तक झटकलं होतं. एस्टीचं तिकीट नव्हतं. अडीचशे पानांत मी कुठं होते ते मला सापडेना.

"हमालाला इचारती बघ," आई म्हणाली. "पुढची गाडी कवा हाय म्हनून. आन् तो म्हनतो, कोनत्या गावाची? आन् तिला गावाचं नावच घेऊ वाटत न्हाई."

मी पानं चाळली. ते तिथंच होतं.

"वाच," आई म्हणाली. "सावकाश."